'इट्स' म्हणजे कोणाचे?

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरणाचे काय काम, असा प्रश्न शीर्षक वाचून काही वाचकांच्या मनात येईल. व्याकरण हा भाषेच्या तासाचा विषय आणि पदार्थविज्ञानाच्या तासाला सूत्रे, आकृत्या व गणिते, अशी वाटणी आपल्याकडे ठरूनच गेलेली आहे. ही वाटणी विद्यार्थ्यांच्या हिताची नाही असे माझे मत आहे. एका अगदी लहान शब्दाच्या आधाराने ते मत तुमच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो शब्द म्हणजे 'इट्स'.

मराठी माध्यमातून दहावी झालेले विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत येतात तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांच्या हाती इंग्रजी पाठ्यपुस्तक पडते. अनेक शाळांत 'सेमी-इंग्रजी' वर्ग असल्याने काहींच्या वाट्याला हा बदल आणखी लवकर येतो. अशा वेळी त्यांना भीती वाटते ती मोठ्या शब्दांची. 'मोमेंटम', 'अ‍ॅक्सिलरेशन', 'इनर्शिया' हे शब्द डोंगराएवढे वाटतात. पण खरे पाहता ते फारसा त्रास देत नाहीत. मोमेंटम म्हणजे संवेग, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, इनर्शिया म्हणजे जडत्व, हे शब्दसूचीत सापडते, शिक्षक फळ्यावर लिहून देतात आणि आठवडाभरात ते ओळखीचे होतात. अडते ते लहान शब्दांपाशी. 'इट्स', 'देअर', 'हूज' हे शब्द कोणत्याही शास्त्रीय शब्दसूचीत नसतात. ते सर्वांना येतात असे शिक्षक धरून चालतात आणि आपल्याला येतात असे विद्यार्थीही धरून चालतात. आणि गणित चुकले की दोष मात्र सूत्राला किंवा बुद्धीला दिला जातो.

एक गणित, दोन उत्तरे

उदाहरण घेऊनच पाहू. समजा, परीक्षेत असा प्रश्न आला : 'अ ब्लॉक रेस्ट्स ऑन अ कार्ट. इट्स मास इज टू किलोग्रॅम्स.' म्हणजे एका गाडीवर एक ठोकळा ठेवलेला आहे आणि 'इट्स' वस्तुमान २ किलोग्रॅम आहे. पुढे सांगितले आहे की दोघांचे मिळून वस्तुमान ६ किलोग्रॅम आहे, गाडीला १२ न्यूटन बलाने आडवे ओढले जात आहे, चाकांचे घर्षण नगण्य आहे आणि ठोकळा गाडीवर घसरत नाही. ठोकळ्यावर घर्षणबल किती?

त्वरण काढणे सोपे आहे. १२ न्यूटन भागिले ६ किलोग्रॅम, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग. ठोकळाही याच त्वरणाने पुढे जातो आणि त्याला पुढे नेणारे बल म्हणजे गाडीने त्याच्यावर लावलेले घर्षणबल. आता 'इट्स' म्हणजे ठोकळ्याचे असे मानले, तर हे बल २ गुणिले २, म्हणजे ४ न्यूटन येते. 'इट्स' म्हणजे गाडीचे असे मानले, तर ठोकळ्याचे वस्तुमान ४ किलोग्रॅम ठरते आणि बल येते ८ न्यूटन. उत्तर थेट दुप्पट! दोन्ही विद्यार्थ्यांना न्यूटनचा दुसरा नियम येतो, दोघांचा गुणाकारही बरोबर आहे. फरक पडला तो फक्त एका सर्वनामाने कोणाकडे बोट दाखवले यामुळे.

जाणकार म्हणतील की पहिल्या वाक्याचा कर्ता ठोकळा आहे, तेव्हा 'इट्स' त्याच्याकडेच जाणार. बहुधा तसेच होते. पण 'बहुधा' हा शब्द पदार्थविज्ञानाच्या गणितात चालत नाही. इंग्रजी व्याकरणात असा पक्का नियम नाही. लगेच आधी आलेले नाम गाडीचे आहे, म्हणून एखाद्याने 'इट्स' गाडीला जोडले तर त्याला व्याकरणाच्या आधारे चूक म्हणता येणार नाही.

मराठीची दोन टोके

आता हेच मराठीत सांगा. 'ठोकळा गाडीवर ठेवला आहे. त्याचे वस्तुमान २ किलोग्रॅम आहे.' शंका संपली! ठोकळा पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी. गाडीचे वस्तुमान सांगायचे असते तर आपण 'तिचे' म्हटले असते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सहसा लिंग नसते, सगळ्यांना मिळून एकच 'इट' आणि एकच 'इट्स'. मराठीत ठोकळ्याला, गाडीला, दोरीला, कप्पीला लिंग आहे. परभाषकांना मराठी शिकताना हीच गोष्ट फार जड जाते, पण इथे ती आपल्या कामी येते.

'तिचे' या शब्दाकडे जरा बारकाईने पाहा. त्याला दोन टोके आहेत. 'ति' हे टोक ज्याचे आहे त्याच्याकडे, म्हणजे गाडीकडे पाहते. 'चे' हे टोक जे आहे त्याच्याकडे, म्हणजे वस्तुमानाकडे पाहते. तिचा वेग, तिची दिशा, तिचे त्वरण : गाडी तीच, पण शेपूट बदलत जाते. इंग्रजी 'हिज' आणि 'हर' यांना हे दुसरे टोक नाही. ते फक्त मालकाकडे पाहतात. आपली मुले 'सीता अँड हिज ब्रदर' असे लिहितात त्याचे कारण यातच आहे. 'तिचा भाऊ' यातल्या 'चा'चा पुल्लिंगी कल त्यांच्या मनात असतो आणि तो इंग्रजीत उतरतो. ही चूक आळसामुळे होत नाही, तिच्यामागे मराठीचा एक नियम आहे. हे कारण मुलांना एकदा समजावून सांगितले, तर चूक पुष्कळ लवकर सुटते.

मराठी प्रत्येक वेळी वाचवतेच असे मात्र नाही. 'पुस्तक टेबलावर आहे. त्याचे वजन १० न्यूटन आहे.' येथे पुस्तक नपुंसकलिंगी आणि टेबलही नपुंसकलिंगी, म्हणून आपलीही पंचाईत होते. शिवाय 'तो' आणि 'ते' या दोन्ही सर्वनामांचे षष्ठीचे रूप 'त्याचा' असेच होते. म्हणजे पुल्लिंग आणि नपुंसकलिंग येथे एकाच रूपात मिसळून जातात.

'इट्स'चा जन्म

गंमत अशी की इंग्रजीतही एके काळी नेमके असेच होते. जुन्या इंग्रजीत 'ही' आणि 'हिट' (आजचे 'इट') या दोन्हींचे षष्ठीचे रूप एकच होते, 'हिज'. झाडाची पाने सांगताना लोक 'हिज' म्हणत आणि राजाचा मुकुट सांगतानाही 'हिज'च म्हणत. 'इट्स' हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात दिसू लागला तो सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. १६११ साली छापल्या गेलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात मुळात 'इट्स' नव्हता. आज आपल्याला अनादि वाटणारा हा शब्द असा जेमतेम सव्वाचारशे वर्षांचा आहे.

नवा शब्द घडला तो 'इट'ला षष्ठीचा 'एस' जोडून. त्यामुळे नामांप्रमाणे त्यालाही अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम, देण्याची पद्धत पडली. अठराव्या शतकातसुद्धा अनेक सुशिक्षित लोक 'त्याचे' या अर्थी अपॉस्ट्रॉफीसह 'इट्स' लिहीत असत. पुढे वाटणी ठरली. अपॉस्ट्रॉफी असेल तर 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचे संक्षिप्त रूप, नसेल तर षष्ठी. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून पाहा. वाक्य जुळले तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही जुळले तर देऊ नका. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांपैकी एकालाही अपॉस्ट्रॉफी नाही हे लक्षात ठेवले की 'इट्स'लाही का नाही ते आपोआप पटते. 'हूज'चेही तसेच. 'ज्याचे' या अर्थाच्या 'हूज'ला अपॉस्ट्रॉफी नाही. ती असेल तर तो शब्द 'हू इज' किंवा 'हू हॅज' समजावा. आणि 'हूज' फक्त माणसांसाठी असतो असाही एक गैरसमज आहे. 'अ बॉडी हूज मास इज टू किलोग्रॅम्स' हे शुद्ध इंग्रजी आहे. आपण नाही का 'ज्या वस्तूचे वस्तुमान' असे बिनदिक्कत म्हणत?

न्यूटनने वापरलेला शब्द

आता जडत्वाच्या नियमाकडे येऊ. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला तो लॅटिन भाषेत. अँड्र्यू मॉट यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७२९ साली निघाले. वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहते, सरळ रेषेत एकसमान गतीने जात असेल तर तशीच जात राहते, हा नियम सांगताना मॉट यांनी वस्तूच्या अवस्थेसाठी 'इट्स' हा शब्द वापरला. पण न्यूटनच्या मूळ लॅटिनमध्ये त्या जागी 'सुओ' असा शब्द आहे. हे 'सुउस' या शब्दाचे रूप. त्याचा अर्थ नुसता 'त्याचे' असा नाही. त्याचा अर्थ आहे 'स्वतःचे', 'आपले'.

हा फरक महत्त्वाचा आहे. 'रमेशने सुरेशला आपली वही दिली' असे म्हटले की वही रमेशची. 'रमेशने सुरेशला त्याची वही दिली' असे म्हटले की वही रमेशची नव्हे. ती सुरेशची, नाहीतर आणखी कोणाची. मराठी व्याकरणात या 'आपण'ला आत्मवाचक सर्वनाम म्हणतात. वाक्याच्या कर्त्याकडेच परत वळणारा हा शब्द आहे. इंग्रजीत दोन्ही वाक्यांचे भाषांतर एकच होते, 'रमेश गेव्ह सुरेश हिज नोटबुक', आणि वही कोणाची ते कळत नाही. जुन्या इंग्रजीत 'सीन' नावाचा असा एक शब्द होता, पण तो लोप पावला. लॅटिनमध्ये 'सुउस' होता. संस्कृतात 'स्व' आहे, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'सुउस' व 'स्व' ही एकाच मुळापासून निघालेली भावंडे आहेत. आपला 'आपला' वेगळ्या घराण्यातला. तो संस्कृत 'आत्मन्' या शब्दापासून प्राकृतामार्गे आला. पण काम तो तेच करतो.

म्हणजे जडत्वाचा नियम मराठीत 'वस्तू आपली अवस्था कायम राखते' असा सांगितला तर तो या एका बाबतीत इंग्रजीपेक्षा न्यूटनच्या मूळ शब्दाला अधिक जवळचा होतो. मराठीत विज्ञान शिकल्यामुळे आपण काहीतरी कमी दर्जाचे शिकलो, असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

'आपला' या शब्दाची उपयुक्तता चंद्राच्या उदाहरणात चांगली दिसते. 'द मून गोज राउंड द अर्थ अँड टर्न्स अबाउट इट्स अ‍ॅक्सिस.' चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि 'इट्स' अक्षाभोवतीही फिरतो. कोणाच्या अक्षाभोवती? पृथ्वीच्या असे कोणी समजला तर दुसरा भाग म्हणजे पहिल्याचीच पुनरुक्ती ठरेल आणि चंद्राला स्वतःचे परिवलन नाही असा चुकीचा समज होईल. वस्तुतः चंद्र सुमारे २७.३ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि तेवढ्याच काळात स्वतःभोवतीही एक फेरी पूर्ण करतो. म्हणूनच त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. मराठीत 'चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि आपल्या अक्षाभोवतीही फिरतो' म्हटले की घोटाळा उरत नाही. इंग्रजीत तो टाळायचा असेल तर 'इट्स ओन अ‍ॅक्सिस' असे म्हणावे लागते. पाठ्यपुस्तकात 'ओन' हा शब्द दिसला की तो उगाच घातलेला नाही, हे आता तुमच्या लक्षात येईल.

'आपापला' हा तर आपल्या भाषेतला आणखी नामी शब्द. 'ग्रह आपापल्या कक्षेत फिरतात' या चार शब्दांत प्रत्येक ग्रहाला एक कक्षा आणि ज्याची कक्षा त्यालाच, एवढे सगळे येते. इंग्रजीत नुसते 'देअर ऑर्बिट्स' म्हटले तर ही वाटणी वाचणाऱ्याने समजून घ्यायची. स्पष्ट करायचे तर 'देअर रिस्पेक्टिव्ह ऑर्बिट्स' असे लांबण लावावे लागते. प्रश्नपत्रिकेत 'रिस्पेक्टिव्ह' किंवा 'रिस्पेक्टिव्हली' दिसला की पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. त्यांना 'आपापला' आणि 'अनुक्रमे' हे दोन मराठी शब्द सांगावेत. गोंधळ पुष्कळसा तिथेच संपतो.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. 'आपला' या शब्दाला मराठीत आणखीही कामे आहेत. 'आपली आकाशगंगा' म्हणताना त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. 'आमची शाळा' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. इंग्रजी 'अवर'मध्ये हा भेद नाही. शिवाय वडीलधाऱ्यांना आपण आदराने 'आपले नाव काय?' असे विचारतो. तेव्हा जेथे संदिग्धता येईल तेथे 'स्वतःचा' हा शब्द वापरावा.

षष्ठी काय लपवते?

येथपर्यंत 'कोणाचे?' या प्रश्नाचा विचार झाला. पण विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून खोल असा दुसरा प्रश्न आहे : 'कोणत्या नात्याने?'

या सर्वनामांना स्वामित्वदर्शक असे नाव आहे, पण ते थोडे फसवे आहे. माझे पुस्तक माझ्या मालकीचे आहे. माझा दात माझ्या शरीराचा भाग आहे. माझ्या बहिणीचा मी मालक नाही. माझे गाव माझे नाही, उलट मीच गावाचा. 'माझी बस चुकली' म्हणतो तेव्हा ती बस तर एसटी महामंडळाची असते! एकच 'माझा', पण नाती पाच. बोलताना ती आपोआप कळतात. विज्ञानात ती तशी कळत नाहीत, विचारावी लागतात.

'इट्स मास', 'इट्स वेट', 'इट्स व्हेलॉसिटी' हे तीन शब्दप्रयोग घ्या. भाषेच्या दृष्टीने तिन्ही सारखेच. पण एक किलोग्रॅम वस्तुमानाचा दगड पृथ्वीवर असो की चंद्रावर, त्याचे वस्तुमान एक किलोग्रॅमच राहते. ते खरोखर त्याचे आहे. त्याचे वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन आणि चंद्रावर सुमारे १.६ न्यूटन. म्हणजे वजन एकट्या दगडाचे नाही, ते दगड आणि त्याला ओढणारा गोल यांच्या नात्याचे आहे. वेगाचे तर त्याहून वेगळे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसमधल्या बाकावर ठेवलेल्या पिशवीचा वेग किती? रस्त्याच्या संदर्भात ४०, बसच्या संदर्भात शून्य, आणि सूर्याच्या संदर्भात पाहिले तर पृथ्वीबरोबर ती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावत आहे. 'तिचा वेग' एवढ्याच शब्दांना उत्तर नाही. 'कशाच्या संदर्भात?' हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुराच होत नाही. दोन मीटर उचललेल्या त्याच दगडाची स्थितिज ऊर्जा १९.६ ज्यूल वाढली असे आपण लिहितो. ती 'दगडाची' म्हणणे सोयीचे आहे, पण पृथ्वी नसती तर ती ऊर्जाही नसती. ती दोघांच्या जोडीची आहे. वस्तुमान, वजन, वेग आणि ऊर्जा यांतला हा मूलभूत फरक षष्ठीच्या एका प्रत्ययाखाली झाकला जातो.

बलाच्या बाबतीत तर षष्ठी हमखास फसवते. 'वाघाची शिकार' म्हणजे वाघाने केलेली की वाघाला मारून केलेली? दोन्ही अर्थ होतात. आपल्या जुन्या वैयाकरणांना हे चांगले ठाऊक होते. कर्त्याची षष्ठी वेगळी आणि कर्माची षष्ठी वेगळी, असा भेद संस्कृत व्याकरणात केलेला आहे. तोच भेद आता टेबलावरच्या एक किलोग्रॅमच्या पुस्तकाला लावा. 'पुस्तकाचे वजन' म्हणजे पृथ्वीने पुस्तकावर लावलेले बल. येथे पुस्तक कर्म आहे. 'पुस्तकाचा दाब' म्हणजे पुस्तकाने टेबलावर लावलेले बल. येथे पुस्तक कर्ता आहे. दोन्ही बले ९.८ न्यूटन, दोन्ही खालच्या दिशेने आणि दोन्हींना 'पुस्तकाचे' हाच शब्द. म्हणून विद्यार्थी त्यांना एकच समजतात आणि मग टेबलाने पुस्तकाला वर ढकलणारे बल ही 'वजनाची प्रतिक्रिया' आहे असे लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. टेबलाने पुस्तकाला वर ढकलणे ही पुस्तकाने टेबलाला दाबण्याची प्रतिक्रिया. पृथ्वीने पुस्तकाला ओढण्याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणे. ती पृथ्वीवर कार्य करते, पुस्तकावर नव्हे. तिसरा नियम समजणे कठीण आहे असे सगळे म्हणतात. माझ्या मते त्या कठीणपणाचा निम्मा भाग तरी षष्ठीत आहे. 'कोणी लावले?' आणि 'कोणावर लावले?' ही दोन उत्तरे प्रत्येक बलापुढे लिहायची, आणि 'चे' हा प्रत्यय बलाच्या नावात वापरायचाच नाही, एवढा नियम वर्षभर पाळून पाहा.

मग करायचे काय?

यावर काही शिक्षकबंधू म्हणतील, 'अहो, अभ्यासक्रम पुरा करताना नाकी नऊ येतात. त्यात व्याकरण कधी शिकवायचे? ते इंग्रजीच्या शिक्षकांनी पाहावे.' वेळेची अडचण खरी आहे, मी ती रोज अनुभवतो. पण इंग्रजीच्या शिक्षकांपुढे ठोकळा आणि गाडी नसते. त्यांच्या उदाहरणांत सर्वनाम चुकले तर वही रमेशऐवजी सुरेशची होते, फार बिघडत नाही. आपल्या उदाहरणात ४ न्यूटनांचे ८ न्यूटन होतात. जिथे चुकीची किंमत कळते तिथेच नियम मनावर ठसतो. आणि त्यासाठी वेगळा तास नको. गणित वाचून दाखवताना 'इट्स' आला की थांबून 'कोणाचे?' एवढे विचारायला पाच सेकंद लागतात.

दुसरा आक्षेप असा की मुलांना इंग्रजीतच विचार करू द्यावा, मध्ये मराठी आणली तर इंग्रजी कच्चे राहील. हे मला पटत नाही. ज्या भाषेत 'त्याचे', 'तिचे', 'आपले', 'स्वतःचे' आणि 'आपापले' असे पाच वेगळे शब्द आहेत, ती भाषा एका 'इट्स'ची किंवा 'देअर'ची उकल करायला मदतच करील. दुर्बीण खिशात असताना डोळे ताणून पाहण्यात कसला आला पराक्रम?

प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. एका वाक्यात दोन वस्तू असतील तर पुढच्या वाक्यात सर्वनाम न वापरता नाम पुन्हा लिहावे. 'इट्स मास' ऐवजी 'द मास ऑफ द ब्लॉक' लिहिल्याने कागद थोडा जास्त लागेल, पण विद्यार्थ्याची परीक्षा पदार्थविज्ञानाची होईल, तर्क करण्याची होणार नाही. सुबक गद्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे दोष मानतात. शास्त्रीय लेखनात तो दोष नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी तीन सवयी सुचवतो. पहिली, इंग्रजी गणित वाचताना 'इट्स', 'देअर', 'हूज' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तो शब्द ज्या नामाकडे जातो तिथपर्यंत बाण काढा. बाण दोन नामांकडे जाऊ शकत असेल तर दोन्ही अर्थ लिहून ठेवा आणि शिक्षकांना विचारा. दुसरी, ते वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. 'त्याचे' येते, 'तिचे' येते, 'आपले' येते की 'आपापले', ते बघा. तिसरी, राशीचे नाव वाचले की ती खरोखर त्या वस्तूची आहे की दोन वस्तूंच्या नात्याची आहे, हे स्वतःला विचारा.

सरावासाठी एक वाक्य देतो : 'अ बॉल हिट्स अ बॅट अँड इट्स मोमेंटम चेंजेस.' चेंडू बॅटवर आदळतो आणि 'इट्स' संवेग बदलतो. कोणाचा? फक्त चेंडूचा, फक्त बॅटचा की दोघांचाही? मराठीत ते वाक्य किती प्रकारे म्हणता येते, आणि त्यांतले पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने खरे प्रकार कोणते? कागद-पेन्सिल घेऊन बसा, एकदा कर्ता आणि कर्म निश्चित करा, मग तिसरा नियम लावा. उत्तर वर्गात मित्रांशी ताडून पाहा आणि मतभेद झाला, तर आधी 'इट्स'कडे पाहा, सूत्राकडे नंतर.